जिवावर उदार नव्हे, हिशेबाला पक्का : याकिमा कनट (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात मूकपटांच्या काळातले स्टंट पाहिले. तेव्हा धाडस भरपूर होतं, पण हिशेब फारसा नव्हता. तो आणला वॉशिंग्टन राज्यातल्या शेतावर वाढलेल्या याकिमा कनट यांनी. जन्म १८९५चा, मूळ नाव एनॉस एडवर्ड. उधळलेल्या घोड्यांवर टिकून राहण्याच्या रोडिओ स्पर्धा गाजवून ते हॉलिवूडमध्ये आले आणि नायकही झाले. पण नौदलात असताना फ्लूने त्यांचा घसा कायमचा बिघडवला होता. बोलपट आले आणि नायकपद गेलं. मग त्यांनी स्टंटलाच आपलं मुख्य काम केलं.

१९३९च्या ‘स्टेजकोच’मधला त्यांचा प्रसंग आवर्जून पाहा. सहा घोड्यांची गाडी भरधाव चालली आहे. अपाची योद्धा झालेले कनट आपल्या घोड्यावरून पुढच्या जोडीवर झेप घेतात, गोळी लागते, ते दोन घोड्यांच्या मधे पडतात. गाडीची दांडी धरून फरफटत जातात आणि हात सोडतात. घोडे आणि अख्खी गाडी अंगावरून निघून जाते. इथे कनट यांचा आग्रह असा, की घोडे जोरातच पळवा. जोरात पळणारे घोडे सरळ रेषेत धावतात, हळू धावणारे इकडेतिकडे सरकतात. अंग ताठ, हात शरीराशी घट्ट. वेग वाढवल्याने धोका कमी होतो, हे घोड्यांत आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचू शकतं.

पडद्यावरची मारामारीही त्यांनी बदलली. पूर्वी नट एकमेकांच्या खांद्यांवर गुद्दे हाणत, आणि ते खोटं दिसे. कनट आणि जॉन वेन यांनी कॅमेऱ्याचा कोन असा साधला, की ठोसा चेहऱ्यासमोरून नुसता जातो, पण पाहणाऱ्याला तो बसलेलाच दिसतो. आजही मारामारी याच तत्त्वावर चालते.

वय वाढलं तसे ते दिग्दर्शनाकडे वळले. काही वेस्टर्न केले, पण त्यांचं खरं बळ होतं सेकंड युनिटमध्ये, म्हणजे साहसदृश्यं वेगळी चित्रित करणाऱ्या पथकात. ‘बेन हर’ (१९५९)मधली रथांची शर्यत त्यांनी अँड्र्यू मार्टन यांच्यासोबत रोममध्ये उभी केली. चार्लटन हेस्टनच्या जागी रथ हाकत होता त्यांचाच मुलगा, जो. मोडक्या रथावरून उडी घेताना तो पुढे फेकला गेला, पण रथाला लटकून राहिला. हनुवटी फुटण्यावर निभावलं. तो अपघात चित्रपटात तसाच ठेवला गेला. या शर्यतीत माणूस मेल्याची वदंता अजून ऐकू येते. ती साफ खोटी आहे.

१९६७च्या समारंभात त्यांना मानद ऑस्कर मिळालं, ते स्टंटसाठी आणि स्टंट करणाऱ्यांच्या बचावाची साधनं तयार केल्याबद्दल. मला त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. घोड्यावरून पडताना पाय अडकू नये म्हणून त्यांनी वेगळी रिकीब बनवली होती. किती जणांचे पाय, किती जणांचे जीव तिने वाचवले असतील! १९८६मध्ये ते वारले. स्टंटसाठी स्वतंत्र ऑस्कर मात्र २०२७च्या चित्रपटांपासून सुरू होणार आहे.

पुढच्या आठवड्यात : घोड्यावरून मोटारीवर आलेला हॅल नीडहॅम.