त्वचेच्या ल्यूपसची मोजणी : एका औषधपरीक्षणाच्या निमित्ताने

‘ल्यूपस’ हा शब्द लॅटिन भाषेत लांडग्याचा वाचक आहे. मांस कुरतडल्यासारख्या दिसणाऱ्या व्रणांना मध्ययुगीन वैद्यांनी हे नाव दिले; पुढे १८५१ मध्ये पॅरिस येथील काझनाव्ह याने त्यास ‘लालिमायुक्त’ या अर्थाचे विशेषण जोडले. रोगाच्या नावातच अशा रीतीने एक रंग येऊन बसला, आणि नव्या औषधाच्या परीक्षेतही तो आडवा येतो.

रक्तातील साखरेप्रमाणे त्वचेवरील चट्ट्यांची तीव्रता यंत्राने मोजण्याची सोय नाही. त्यासाठी २००५ मध्ये ‘क्लासी’ हा निर्देशांक पुढे आला. वैद्य शरीराचा एकेक भाग पाहून गुण देतो. रोगाची सक्रियता ० ते ७० आणि झालेली हानी ० ते ५६, अशी दोन मापे त्यात वेगळी ठेवलेली आहेत. ही विभागणी मोठी मार्मिक होय; कारण जुना वण औषधाने जात नसतो, व दोन्ही एकत्र मोजल्यास गुणकारी औषधही निष्फळ ठरावयाचे.

लिटिफिलिमॅब या प्रतिपिंडाचे परीक्षण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. विशिष्ट पेशींवरील बीडीसीए-२ या ग्राहकास चिकटून तो इंटरफेरॉनचे उत्सर्जन रोखतो. १३२ प्रौढ रुग्णांपैकी कोणास औषध व कोणास औषधहीन सुई मिळाली, हे रुग्णास वा वैद्यास ठाऊक नव्हते. सोळा आठवड्यांनंतर १५० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटाचा सक्रियता-गुणांक सरासरी ४७.९ टक्क्यांनी उतरला. औषधहीन गटाचाही १४.५ टक्क्यांनी उतरलाच! औषधाच्या पदरी पडते ते या दोहोंमधील अंतर. ४५० मिलिग्रॅमच्या गटात घट ४२.५ टक्केच होती, तेव्हा मात्रा वाढविल्याने गुण वाढला असे म्हणता येत नाही.

परंतु लालिमेचे गुण द्यावयाचे ते फिकट गुलाबी, लाल, गडद लाल वा जांभळा अशा पायऱ्यांनी. सावळ्या त्वचेवर फिकट गुलाबी छटा सहसा दिसतच नाही. तोच दाह तेथे जांभळट किंवा काळसर भासतो. परीक्षणात प्रवेशास किमान गुणांक लागत असल्यास असा रुग्ण दारातूनच परत जाण्याचा संभव असतो. मराठी रुग्ण ‘चट्टा काळवंडला’ असे सांगतो, तेव्हा त्या एका क्रियापदात चालू दाहही येतो व दाह शमल्यावर उरलेला डागही. निर्देशांकात मात्र पहिला सक्रियतेत मोजावयाचा, दुसरा हानीत.