पाहुणा कांदा

वाणगाव स्टेशनवर उतरून चिंचणीमार्गे वरोरला पोहोचलो, की घरात शिरण्यापूर्वी परसात डोकावायचे, ही माझी जुनी सवय. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाची बागायत बहुधा खिडकीतल्या कुंडीपुरतीच असते. आमची आई मात्र अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही परसातल्या वाळूमिश्रित मातीत हात घातल्यावाचून सकाळचा चहा घेत नाही.

धाकटी बहीण इंग्लंडात असते. सहा वर्षांत तिला येणे जमलेले नाही. दर मार्चात ती आपल्या दारातल्या पिवळ्याजर्द डॅफोडिलचे छायाचित्र तेवढे पाठवते. गेल्या वर्षी गणपतीत ती छायाचित्रे पाहता पाहता आई म्हणाली, "बायच्या दारात फुलतं, ते माझ्या दारात का नको?"

आईने आजवर काही मागितल्याचे मला आठवत नाही. मी मुंबईच्या एका रोपवाटिकेतून सहा कांदे आणले.

डॅफोडिलचा कांदा म्हणजे शिदोरी बांधून झोपलेला वाटसरूच. पुढच्या हंगामाची कळी त्याच्या पोटात आधीच तयार असते. पण १२ ते १५ आठवडे ९ अंशांखालची थंडी मिळाल्याशिवाय तिचा दांडा नीट वाढत नाही. १५ एप्रिल १८०२ रोजी वर्डस्वर्थ आपली बहीण डॉरथी हिच्यासह अल्सवॉटर तळ्याकाठी फिरताना ज्या फुलांपाशी थबकला, त्यांना ही थंडी फुकट मिळाली होती. वरोरच्या खाऱ्या वाऱ्यात ती कोठून यावी? मी कांदे कागदी पिशवीत घालून आईच्या फ्रिजमध्ये ठेवले.

येथवर ठीक होते. दिवाळीत शेजारून चिकू आले. ते पिकताच मी त्याच कप्प्यात ठेवून दिले. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. परंतु पिकलेले फळ इथिलीन वायू सोडते आणि त्या वायूने कांद्यातली कळी आतल्या आत मरते, हे मला मागाहून कळले. डिसेंबरअखेर कांदे त्यांच्या उंचीच्या तिप्पट खोल लावले. फेब्रुवारीत हिरवीगार पाती वर आली. कळ्याही आल्या, पण कागदासारख्या वाळलेल्या.

आई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली.

"उपटून टाकू का?" मी विचारले.

"उपटतोस काय! पाती हिरवी आहेत तोवर ती कांद्याला भरवतायत. पाहुण्याला उपाशी धाडू नये."

मग तिने मला विहिरीजवळच्या कोरड्या मातीपाशी नेले. तेथे मे फ्लॉवरचे कांदे निजले होते. लाल चेंडूसारखे हे फूल मूळचे आफ्रिकेतले, पण कोकणातल्या अंगणांत ते केव्हाच घरचे झाले आहे. गंमत अशी की, वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते डॅफोडिलच्याच कुळातले. विसावा दोघांनाही हवा. एकाला तो थंडीत मिळतो, दुसऱ्याला कोरड्या मातीत.

आईची रीत साधी आहे. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडायचे. पाने आपणहून वाळेपर्यंत कापायची नाहीत. कांद्याचा शेंडा मातीच्या बरोबरीने ठेवायचा, जागा अर्धवट सावलीची निवडायची आणि वैशाखात पुन्हा पाणी सुरू करायचे. हे दोन्ही कांदे विषारी, म्हणून स्वयंपाकघरातल्या कांद्यांच्या टोपलीपासून ते दूरच ठेवावेत.

मे महिन्यात विहिरीजवळ लाल चेंडू उमलले. बहिणीला ते व्हिडिओवर दाखवले, तेव्हा तिने विचारले, "आणि डॅफोडिल, आई?"

"झोपलंय," आई म्हणाली.

पलीकडून इतका वेळ आवाज आला नाही, की मला वाटले, फोनच तुटला.

ते सहा कांदे यंदा पुन्हा फ्रिजमध्ये आहेत. चिकू बाहेर आहेत. एकदा दमलेला डॅफोडिल आपल्या हवेत सहसा फुलत नाही, हे मी आईपासून लपवलेले नाही. तिने मात्र मे फ्लॉवरचा एक कांदा बहिणीच्या नावाने वेगळ्या कुंडीत लावला आहे.

"आई, अशी कुंडी विमानातून नेता येत नाही," मी म्हणालो.

"न्यायला कोण सांगतंय?" आई म्हणाली. "तिनं बघायला यावं."