कपाशीच्या शेतातून निघालेलं हॉटेल

दिवाळीच्या तोंडावर सकाळी तेल्हाऱ्याहून हिवरखेडच्या नाहीतर अडगावच्या रस्त्याला लागा. बायांचे जथे शेताकडे निघालेले दिसतात. डोक्याला फडकं, कमरेला ओटी, हातात शिदोरीची पिशवी. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही होतं. पऱ्हाटीची पूजा होते, दहीभाताचा निवेद दाखवतात आणि मग एकेक जण पात धरते. दुपारी धुऱ्यावरच्या निंबाखाली शिदोऱ्या सुटल्या की ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा आणि एखादीनं आणलेलं बेसन यांची वाटावाटी सुरू होते. कोणाच्या घरचं कोणाच्या हातावर गेलं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

अशाच एका वेचणीतून एका मेक्सिकन हॉटेलची गोष्ट निघते. शेत अमेरिकेतलं, राबणारे पुरुष पंजाबातले आणि कापूस वेचणाऱ्या बाया मेक्सिकोतल्या.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला इम्पीरियल खोरं आहे. समुद्रसपाटीहून खोल आणि मुळात नुसतं वाळवंट. १९०१ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं तिथं आलं आणि मातीत कपाशी उभी राहिली. याच सुमारास पंजाबातले तरुण शेतकरी रेल्वेच्या, लाकडाच्या गिरण्यांच्या आणि शेतीच्या कामावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला पोचले होते. त्यातले काही या खोऱ्यात आले आणि खंडानं जमीन घेऊन कापूस पिकवू लागले. शीख होते, मुसलमान होते, थोडे हिंदूही होते. पण गोऱ्यांच्या लेखी हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण 'हिंदू'च.

घरून बायकोला आणायची सोय नव्हती. १९१७ च्या कायद्यानं आशियातल्या लोकांना अमेरिकेचं दार बंद झालं. जो एकदा गावी गेला, त्याला परत येण्याची खात्री नव्हती. गोऱ्या बाईशी लग्न करायला कॅलिफोर्नियाचा कायदा आडवा येत होता. तिकडे मेक्सिकोत १९१० साली क्रांती पेटली होती आणि घरंच्या घरं सीमा ओलांडून मजुरीला येत होती. त्यांच्या आया-बहिणी, लेकी या पंजाब्यांच्या शेतात कापूस वेचायला यायच्या. ओळखी झाल्या, सोयरिकी जुळल्या. लग्नाच्या परवान्यासाठी कचेरीत गेलं की कारकून रंगाच्या रकान्यात दोघांपुढेही 'तपकिरी' लिहायचा. दोघांचा रंग एक ठरला की कायद्याला हरकत नव्हती! कॅरन लेनर्ड या अभ्यासक बाईंनी या कुटुंबांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या नोंदीत अशी ३७८ जोडपी आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य बायका मेक्सिकन वंशाच्या.

जमिनीचं दुखणं वेगळंच होतं. नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्यांना शेतजमीन घेता येणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियानं १९१३ मध्ये केला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकत नाही. म्हणजे राबायचं आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. कोणी ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर जमीन ठेवली, कोणी अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या लेकरांच्या नावावर. नागरिकत्वाचा रस्ता थेट १९४६ मध्ये उघडला. इतकी वर्षं या घरांनी कशी काढली असतील, हे कुळाच्या जमिनीवर आयुष्य घातलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

आता चुलीकडे वळू, कारण गोष्ट तिथंच पिकली. मेक्सिकन बाई मका चुन्याच्या पाण्यात शिजवते, रात्रभर तसाच ठेवते, सकाळी धुऊन पाट्यावर वाटते. त्या ओल्या पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांत थापत थापत पातळ करायचा आणि तापल्या तव्यावर टाकायचा. तीच टॉर्टिया. भाकर थापणाऱ्या बाईनं ते हात नुसते पाहिले तरी तिला सगळं कळेल. मक्याला चुना लावण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे. त्यानं साल सुटते, पीठ चिकट होतं आणि मक्यात अडकून पडलेलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला, पण चुना नेला नाही. नुसत्या मक्यावर जगणारी तिथली गरीब माणसं मग पेलाग्रा नावाच्या रोगानं झिजली. मिरचीही मूळची तिकडचीच. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि वऱ्हाडी ठेचा जन्माला आला. त्यामुळे पंजाबी नवऱ्याला बायकोच्या हातचं तिखट परकं वाटलं नाही. बायकोही त्याच्याकडून रोटी, रस्सा, लोणचं शिकली.

यातूनच उभं राहिलं 'रसूल्स एल रांचेरो'. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडचं युबा सिटी हे फळबागांचं गाव. तिथं १९५४ मध्ये गुलाम रसूल आणि त्यांची मेक्सिकन बायको इनेझ यांनी हे हॉटेल काढलं. पाटी मेक्सिकन, पण आत दोन्ही घरांचं जेवण. एकीकडे एंचिलाडा, दुसरीकडे कोंबडीचा रस्सा आणि रोटी. सगळ्यात नाव झालं ते रोटी केसाडियाचं. टॉर्टियाऐवजी रोटी घ्यायची, तिच्या पोटात चीज, कांदा आणि शिजवून मोकळं केलेलं मांस भरायचं, दुमडायची, तव्यावर खरपूस शेकायची आणि सोबत रश्शाची वाटी द्यायची. हा पदार्थ कोणत्या आचाऱ्यानं डोकं चालवून काढला नाही. तो एका संसारातून आला, हेच मला त्यात मोठं वाटतं.

हॉटेल जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. बंद दार पुन्हा उघडणाऱ्या १९६५ च्या कायद्यानंतर पंजाबातून नवी, पूर्ण पंजाबी कुटुंबं युबा सिटीत आली. जुन्या संसारातली, आईशी स्पॅनिश बोलणारी मुलं मोठी होऊन पांगली. १९९३ मध्ये एल रांचेरो बंद झालं. मात्र चव विसरली गेली नाही. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या खाद्यलेखकांनी या स्वयंपाकाचा माग काढला, जुन्या गिऱ्हाइकांच्या आणि घरच्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. बंद पडलेलं दुकान असं माणसांच्या सांगण्यातून पुन्हा उघडलं. शटर वर करणं याहून सोपं असतं, असं मी मनापासून मानतो.

या गोष्टीत आपल्या विदर्भाचाही एक माणूस आहे, आणि तो आला की मला राहवत नाही. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा, १८८४ चा. स्वातंत्र्याच्या ध्यासानं विशीत देश सोडला, जपानमार्गे अमेरिका गाठली, तिथं शेतीशास्त्र शिकले. ओरेगॉनमधल्या गिरण्यांत राबणाऱ्या याच पंजाबी मजुरांबरोबर त्यांनी क्रांतीची जुळवाजुळव केली. १९१३ च्या गदर चळवळीच्या पायाभरणीत ते होते. पुढे इराण, जर्मनी अशी वणवण झाली आणि १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले.

चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर काम केलं, आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. ज्या मक्याची टॉर्टिया होते, त्या मक्याची कणसं वर्ध्याचा माणूस हातात घेऊन पारखत होता! दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा थोर चित्रकार त्यांचा स्नेही. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरानं 'आमची रोजची भाकर' हे चित्र रंगवलं. कष्टकरी माणसं, लेकरं एका टेबलाभोवती बसली आहेत आणि मधोमध बसलेला माणूस सगळ्यांना भाकर मोडून देतो आहे. तो चेहरा खानखोजेंचा. मला ते चित्र पाहिलं की धुऱ्यावरची पंगतच आठवते.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंडिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात वारले. त्यांचंही नाव बराच काळ झाकलेलंच राहिलं. ते वर आणलं लेक सावित्री साहनी यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रानं आणि मराठीत वीणा गवाणकरांच्या पुस्तकानं. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. वर्ध्याच्या, अकोल्याच्या शाळेतल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहावं.

आज पुण्या-मुंबईत, नागपुरातही टाको, नाचोज मिळतात. आपली पोरं सुट्टीत घरी आली की त्याचं कौतुक सांगतात. सांगू द्या. एका संध्याकाळी त्यांना घेऊन आपल्याच तव्यापाशी बसा. कालची उरलेली पोळी घ्या, तिच्यात चीज, बारीक चिरलेला कांदा आणि घरात असेल ती सुकी भाजी भरा, दुमडून तेल सोडून दोन्ही बाजूंनी शेका. सोबत पातळ वरण नाहीतर रस्सा, आणि आपला ठेचा. खाताना त्यांना गुलाम रसूल आणि इनेझ यांचं नाव सांगा, वर्ध्याच्या खानखोजेंचं सांगा, आणि इम्पीरियल खोऱ्यात कापूस वेचणाऱ्या त्या बायांचंही सांगा.