सेकंदाच्या पाचव्या हिश्शातलं रान

मध काढायला निघालेला एक मुलगा झाडावर चढतो. रंगमंचावर झाड कुठंच नाही. आहे ते प्रकाशानं काढलेलं, पांढऱ्या रेषांचं हलतं रान. हत्ती, मगर, साप सगळे त्या रेषांतूनच उमटतात. हाडामांसाचा नर्तक मात्र एकच, आणि तो पाऊल उचलतो तेव्हा नेमकी त्याच क्षणी फांदी त्याच्या पायाखाली असते.

अक्रम खान यांचा ‘देश’ हा सुमारे 80 मिनिटांचा एकल नृत्यप्रयोग 2011 साली इंग्लंडमधल्या लेस्टर इथं पहिल्यांदा झाला. खान लंडनमध्ये बांगलादेशी कुटुंबात वाढले आणि सातव्या वर्षापासून पंडित प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकले. वडिलांच्या देशाशी आपलं नातं काय, याचा शोध त्यांनी या प्रयोगात घेतला. दृश्यरचना टिम यिप यांची, संगीत जोसलिन पूक यांचं आणि अ‍ॅनिमेशन ‘यीस्ट कल्चर’ या चमूचं.

या रानाची पहिली किमया पडद्यात आहे. तो अगदी विरळ विणीचा, जाळीदार असतो. समोरून त्यावर प्रकाश पडला की धागे तो चहूकडे विखुरतात आणि चित्र उमटतं. चित्राबाहेरच्या जागी धाग्यांवर प्रकाश नसतो, त्यामुळे मागचा उजळलेला माणूस छिद्रांतून थेट दिसतो. नर्तकावरचा दिवा बाजूनं टाकतात, म्हणजे त्याचा झोत पडद्याला लागत नाही. चित्र आणि माणूस असे एकाच अवकाशात आल्यासारखे वाटतात.

खरा अवघड भाग वेळेचा आहे. डोळ्यांना एखादी गोष्ट दिसून त्यावर शरीर हलायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. अ‍ॅनिमेशन सेकंदाला 24 चित्रांचं धरलं, तर तेवढ्यात जवळजवळ 5 चित्रं पुढं सरकतात. फांदी दिसल्यावर पाय उचलणारा नर्तक प्रत्येक वेळी उशिराच पोचेल. शिवाय पडद्याआड उभ्या असलेल्या त्याला ते चित्र आपल्याला दिसतं तसं दिसतही नाही.

मग हे जमतं कसं? मेंदू वाट पाहत बसत नाही, तो पुढचा क्षण आधीच मांडतो. माणसाला ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बोट बहुधा ठोक्याच्या किंचित आधी पडतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. संगीत शिकलेल्यांमध्ये हा फरक कमी होतो. तिहाई घेऊन नेमकं समेवर येणारा कथक नर्तक लहानपणापासून हेच करत असतो: सम अजून आलेली नसताना शरीर तिचं अंतर मोजत असतं. म्हणूनच मला वाटतं, ‘देश’मधलं सर्वांत प्रगत तंत्र प्रोजेक्टरमध्ये शोधू नये, ते त्या तालमीत आहे.

याच्या नेमका उलटा मार्गही आहे. ऑस्ट्रेलियातल्या ‘चंकी मूव्ह’ या संस्थेच्या 2006 सालच्या ‘ग्लो’मध्ये नृत्यरचनाकार गिडियन ओबारझानेक आणि सॉफ्टवेअर घडवणारे फ्रिडर वाईस यांनी यंत्राला नर्तिकेच्या मागं चालायला लावलं. वरचा कॅमेरा अवरक्त प्रकाशात तिची बाह्यरेषा टिपतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि जमिनीवर पडणाऱ्या चित्रांमुळे कॅमेऱ्याचाही गोंधळ उडत नाही. संगणक त्या बाह्यरेषेवरून तत्क्षणी नवं चित्र काढतो. इथं ती हवी तेव्हा थांबू शकते. ‘देश’च्या रानात थांबायची सोय नाही.

गिरक्यांचंही शास्त्र आहे. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव आपण थांबल्यावरही काही क्षण फिरत राहतो आणि भोवळ येते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 साली 29 बॅले नर्तिका आणि 20 नौकानयनपटू महिलांना अंधारात फिरत्या खुर्चीत बसवलं. खुर्ची थांबल्यावर आपण अजून फिरतोय ही जाणीव नर्तिकांमध्ये लवकर ओसरली. कानाकडून येणारे हे संकेत हाताळणारा लहान मेंदूचा भागही त्यांच्यात आकारानं लहान आढळला. वर्षानुवर्षांच्या सरावानं मेंदू नको असलेली सूचना मागं सारायला शिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कथकमधल्या चक्करांचा असा अभ्यास व्हायला हवा, असं फार वाटतं.

‘देश’मध्ये काही ठिकाणी यंत्रं पूर्ण बाजूला होतात. खान आपल्या तुळतुळीत डोक्यावर काळ्या रंगानं डोळे-नाक काढतात आणि मान खाली घालतात. समोर उभा राहतो खेड्यातला म्हातारा स्वयंपाकी, नायकाचा बाप. नूर हुसेनही या प्रयोगात येतो. 10 नोव्हेंबर 1987 रोजी ढाक्यात लष्करशहा इर्शाद यांच्याविरुद्धच्या मोर्चात हा तरुण उघड्या अंगावर घोषणा रंगवून उतरला होता. छातीवर हुकूमशाहीच्या नाशाची, पाठीवर लोकशाहीच्या मुक्तीची. त्याला गोळी घालण्यात आली. स्वतःचं शरीरच ज्यानं फलक केलं, त्याची आठवण जागवायला पुन्हा शरीरच लागावं, हे मला फार योग्य वाटतं.

शरीरावर एवढा भार टाकण्याची किंमतही असते. पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा ही देहातली सर्वांत जाड कंडरा. धावताना, उडी मारताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. ती ताणली जाऊन ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना परत देते. तिला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून जखम भरायला महिने लागतात. 2012च्या सुरुवातीला खान यांची हीच कंडरा तुटली आणि ‘देश’चे ठरलेले प्रयोग पुढं ढकलावे लागले. त्याच वर्षी 27 जुलैला लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनात ते पुन्हा नाचले.

2015मध्ये ‘देश’वरून मुलांसाठी ‘छोटो देश’ बसवलं गेलं. पडद्यावरचं रान तेच आणलं, पण त्यात इतर नर्तक उतरले. फांदी कधी येणार, हे त्यांतल्या प्रत्येकाला आपापल्या पायांनी पहिल्यापासून मोजावं लागलं.