पाचट पसरणारे यंत्र : लहान ट्रॅक्टरसाठी एक साधी रचना



ऊस तुटून गेला की शेतात पाचटाचा ढीग उरतो, आणि संध्याकाळी कुणीतरी बांधावर काडी ओढतो. तासाभरात शेत मोकळे होते, पण जमिनीत जाऊ शकणारा नत्र आणि सेंद्रिय माल धुराबरोबर निघून जातो. वरच्या थरातले उपयोगी जीव होरपळतात आणि बांधावरची आंब्या-काजूची झाडे करपतात.

एक एकर उसातून सुमारे 3 ते 4 टन सुके पाचट निघते. खोडवा ठेवायचा असेल, तर ते त्याच शेतात एका आड एक सरीत दाबावे. त्यासाठी यंत्र लागत नाही. परंतु ऊस मोडून दुसरे पीक घ्यायचे असेल, किंवा ते पाचट हळदीला, भाजीला, केळीला, आंब्याच्या ओळींत न्यायचे असेल, तर खरी अडचण पसरण्याची येते. पाचट हलके पण जागा फार खाणारे. माणसांनी ट्रॉलीतून ओढून टाकले, तर एका जागी ढीग आणि दुसरीकडे उघडी जमीन, असे होते. म्हणून 18 ते 25 अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरमागे चालेल असे पसरणीचे यंत्र गावच्या वेल्डिंगच्या दुकानात कसे करता येईल, ते येथे सांगतो.

रचना

दोन चाकांची ट्रॉली घ्यावी : पेटी 8 फूट लांब, 5 फूट रुंद, 4 फूट उंच. मागची बाजू उघडी. तळावर दोन साखळ्या आणि त्यांना आडव्या लोखंडी पट्ट्या. हा सरकता तळ माल हळूहळू मागे आणतो. मागच्या तोंडाशी एकावर एक असे दोन दातेरी रूळ बसवावेत. ते गठ्ठे फोडून माल मागे टाकतात. रुळांच्या मागे जुन्या ताडपत्रीचा किंवा रबराचा पडदा सोडावा, म्हणजे माल दूर न उडता 5 फुटांच्या पट्ट्यातच पडतो.

तळ किती वेगाने सरकावा?

सगळ्या यंत्राचे मर्म येथे आहे, आणि बहुतेक जण येथेच चुकतात. तळाला ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वरून गती दिली, तर ट्रॅक्टर हळू गेला की थर जाड आणि वेगाने गेला की पातळ. त्यापेक्षा तळाची गती ट्रॉलीच्याच चाकावरून घ्यावी. मग ट्रॅक्टर कसाही चालवा, थर सारखाच राहतो, आणि ट्रॅक्टर थांबला की तळही थांबतो.

हिशोब सोपा आहे. पेटीत माल 48 इंच उंच आहे आणि आपल्याला 2 इंचांचा थर हवा. 48 भागिले 2 म्हणजे 24. तेव्हा तळ 1 फूट सरकेल, तेवढ्यात ट्रॅक्टर 24 फूट पुढे गेला पाहिजे.

आता चाकाकडे पाहू. 28 इंच व्यासाच्या चाकाचा एक फेरा म्हणजे 88 इंच. तळाच्या साखळीला ओढणारे दातेरी चक्र 6 इंच व्यासाचे असेल, तर त्याचा फेरा सुमारे 19 इंच. 19 इंचांना 24 ने गुणले तर 456 इंच होतात, म्हणजे चाकाचे पाच फेरे आणि वर थोडे. तेव्हा चाकाचे 5 फेरे झाले की तळाच्या चक्राचा 1 फेरा व्हावा. हे दोन टप्प्यांत जमते : पहिल्यात 15 आणि 30 दात्यांची गिअरची जोडी (दोनास एक), दुसऱ्यात 12 आणि 30 दात्यांची साखळीची चक्रे (अडीचास एक). दोन गुणिले अडीच, पाच.

पहिल्या टप्प्यात साखळी न घेता गिअर का, असे कुणी विचारील. ट्रॉली पुढे चालताना चाकाचा वरचा भाग पुढे फिरतो. आपल्याला मात्र तळाचा वरचा भाग मागे सरकायला हवा. नुसत्या साखळ्या लावल्या, तर माल मागे न येता पुढच्या फळीवर जाऊन दाबला जाईल. एकमेकांत अडकलेले दोन गिअर दिशा उलटी करतात, म्हणून तो टप्पा गिअरचा. मिस्त्रीला हे आधीच सांगावे. जोडणी झाल्यावर ध्यानात आले, तर सगळे पुन्हा कापावे लागते.

फळबागेसाठी 4 इंचांचा थर हवा असेल, तर 12 दात्यांच्या चक्राऐवजी 24 दात्यांचे घालावे आणि साखळी त्याप्रमाणे वाढवावी. रस्त्याने जाताना, वळताना आणि मागे घेताना तळ सुटा करणारा खटका ठेवायला विसरू नये.

भरलेली पेटी 2 इंचांच्या थराने सुमारे 185 फुटांत रिकामी होते. म्हणजे एका खेपेत गुंठ्याला थोडे कमी क्षेत्र झाकते. पहिल्या दिवशी हे अंतर मोजून पाहावे. पेटी फार लवकर रिकामी झाली, तर थर जाड पडतो आहे असे समजावे. एक एकराचे पाचट या हिशोबाने साधारण 12 ते 15 गुंठेच झाकते; तेव्हा आधी कोणते पीक, ते ठरवून घ्यावे.

रुळाला पाचट का गुंडाळते?

उसाचे पान हातभराहून लांब असते. बारीक दांड्यावर ते दोऱ्यासारखे गुंडाळले जाते आणि यंत्र अडते. रुळाचा घेर पाचटाच्या तुकड्याहून मोठा असला, की तुकडा स्वतःवर आवळत नाही. म्हणून रूळ 6 इंची पाइपचा करावा (घेर 19 इंच), त्यावर 4 इंचांचे दाते लावावेत, आणि पाचट आधी कडबाकुट्टीतून काढून वीतभराहून लहान तुकडे करावेत. रुळांना पी.टी.ओ.वरून गती द्यावी, पण ती निम्मी करून : 540 फेऱ्यांचे 270. मधे एक कच्चा बोल्ट ठेवावा. दगड अडकला तर बोल्ट तुटेल आणि गिअर वाचेल.

जिवाची काळजी

पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. खांद्यावरचा टॉवेल, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात अडकला, तर हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. एवढ्यात माणूस हात गमावतो, कधी जीवही. म्हणून दांड्यावर पूर्ण झाकण हवेच. झाकणाला पैसे नसतील, तर यंत्रच करू नये. अडकलेले पाचट काढायचे असेल, तर आधी इंजिन बंद करावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालावी. भरलेल्या पेटीवर मुलांना बसवू नये. तळ सरकतो तो रुळांकडेच.

दुसरी गोष्ट धुळीची. ओलसर राहून बुरशी आलेले पाचट उडाले, की तिची बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते. चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते. लोक त्याला सर्दी-ताप समजतात. एक-दोन दिवसांत बरे वाटते, आणि पुन्हा ते काम केले की पुन्हा तसेच होते. असे वारंवार झाले, तर फुप्फुसे कायमची निकामी होऊ लागतात. तेव्हा पाचट सुके असतानाच गोळा करावे, भरताना थोडे पाणी शिंपडावे आणि वाऱ्याला पाठ करावी. नुसते फडके पुरत नाही. तोंडाला घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा. असा ताप आला, तर डॉक्टरांना आपण काय काम केले ते आवर्जून सांगावे.

ढिगात घोणस किंवा फुरसे असू शकते. हात न घालता दाताळ्याने ओढावे आणि पायांत बूट असावेत. दंश झालाच, तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न दवडता, तो भाग न हलवता थेट दवाखाना गाठावा.

शेवटी पिकासाठी

आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावे, नाहीतर खोड कुजते. पाचट कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेते आणि पीक पिवळे पडते. त्यासाठी टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस आहे. वाळवीवर नजर ठेवावी.

असे यंत्र एकट्याने करून वर्षातून चार दिवस वापरणे परवडणार नाही. चार-पाच घरांनी मिळून एक करावे, पाळ्या आधीच ठरवून घ्याव्यात, आणि ते चालवण्याची जबाबदारी एकाच सावध माणसाकडे द्यावी. येत्या तोडणीला आपल्या शिवारात काडी ओढली गेली नाही, तर हा खटाटोप सार्थकी लागला म्हणायचा.