नेम आधी जवळून

बास्केटबॉलच्या कड्याचा व्यास ४५ सेंटीमीटर आणि मुलगे खेळतात त्या सात नंबरच्या चेंडूचा साधारण २४. चेंडू सरळ वरून पडला, तर जवळजवळ दुप्पट जागा मोकळी मिळते. पण चेंडू तिरपा येतो. ४५ अंशांत आला, तर त्याच्या वाट्याला ३२ सेंटीमीटरच येतात. तीस अंशांत सपाट फेकला, तर साडेबावीस! म्हणजे चेंडूच कड्यापेक्षा मोठा ठरला. अचलपूर-परतवाड्याच्या शाळांच्या मैदानांवर ताकदवान पोट्टे लांबून चेंडू सणसणीत मारतात, तो कड्यावर आदळून बाहेर येतो आणि सगळे म्हणतात, ‘नशीब नाही बा आज.’ यात नशीब कुठेच नाही. चेंडूला उंची मिळाली नाही, एवढंच झालेलं असतं.

वऱ्हाडात ताकदीची वाण कधीच नव्हती. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. असं मंडळ अचलपूरपासून ५० किलोमीटरच्या आसपास आहे. आखाड्याची शिस्त आपल्याकडे घरची आहे. तीच शिस्त नेमबाजीला लावायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

नेमाचा सराव कड्यापासून एक-दीड मीटरवर सुरू करावा. फळीचा आधार घ्यायचा नाही. फेकणाऱ्या हाताचं कोपर कड्याच्या दिशेने, चेंडू बोटांच्या पेरांवर, तळव्याला टेकलेला नाही. दुसरा हात पाठीमागे. गुडघे किंचित वाकवून उठता उठता चेंडू सोडायचा आणि मनगट पुढे लोंबतं ठेवायचं. असे पाच चेंडू लागोपाठ पडले की एक पाऊल मागे सरकायचं. पाचवा चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून. हे कंटाळवाणं आहे, मला ठाऊक आहे. पण इथे महिनाभर घाम गाळल्याशिवाय तीन गुणांच्या रेषेकडे बघूही नये. ती रेषा कड्यापासून ६.७५ मीटर दूर असते. तिथे अंगाची खरी ठेवण मोडते आणि मोडलेली ठेवणच सवय होऊन बसते.

चुकलेला चेंडू बरंच काही सांगतो. डावी-उजवीकडे जात असेल, तर दोष कोपराचा किंवा मागे सरकल्यावर चेंडूला बाजूने आधार देणाऱ्या दुसऱ्या हाताचा. बहुधा त्या हाताचा अंगठा शेवटच्या क्षणी चेंडूला ढकलतो. चेंडू सरळ जाऊन आखूड पडत असेल, तर पाय कमी पडले. अशा वेळी ‘हातात जोर आण’ असं ओरडणारे बरेच भेटतात; त्यामुळे खांदे ताठरतात आणि चेंडू आणखी सपाट जातो. सगळेच चेंडू आखूड पडू लागले, तर पाय दमलेत असं समजून लांबचा सराव तिथेच थांबवावा.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या लॅरी सिल्व्हरबर्ग आणि चाऊ ट्रॅन यांनी संगणकावर लाखो फ्री थ्रो टाकून पाहिले. साडेसहा फूट उंचीच्या खेळाडूसाठी चेंडू सुमारे ५२ अंशांत सुटावा, त्याला सेकंदाला तीन उलट्या गिरक्या मिळाव्यात आणि रोख कड्याच्या मागच्या भागाकडे असावा, असं त्यांना आढळलं. आपली मुलं ठेंगणी असतात, त्यांनी चेंडू आणखी थोडा उंच सोडावा.

ठेवण बसली की जागा बदलायच्या. १९७८ मध्ये कर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना दाण्यांच्या पिशव्या निशाणावर टाकायला लावल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरूनच झाली आणि नेम सरस ठरला दुसऱ्या गटाचा, जो त्या अंतरावर उभाच राहिला नव्हता. चिंचा पाडणारं पोरही प्रत्येक दगड नव्या जागेवरूनच मारतं. म्हणून कड्याभोवती तीन-साडेतीन मीटरवर पाच जागा आखाव्यात, प्रत्येक जागी दोन चेंडू टाकून पुढे सरकावं. एकच चेंडू असेल, तर तिघांची टोळी करा: एक फेकेल, एक परत आणेल, एक वहीत लिहील. वहीशिवाय सराव म्हणजे निव्वळ करमणूक. आज पन्नासपैकी किती पडले आणि कोणत्या जागेवरून पडले, हे कळलंच पाहिजे.

फ्री थ्रोचं वेगळं सांगतो. सामन्यात एका वेळी पन्नास फ्री थ्रो कुणाला मिळत नाहीत. एक, दोन, फार तर तीन. तेही धाप लागलेली असताना. म्हणून मैदानाच्या दोन फेऱ्या पळून यायचं, दोन चेंडू टाकायचे, पुन्हा पळायचं. कॅनडातल्या जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की पटाईत खेळाडूंची नजर चेंडू सोडण्यापूर्वी कड्यावर जास्त वेळ स्थिर राहते. तेव्हा नजर कड्याच्या एकाच बिंदूवर, मग श्वास, मग चेंडू.

पण या साऱ्याआधी मोजपट्टी आणा. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नायस्मिथने स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत गॅलरीच्या कठड्याला टोपल्या टांगल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, आणि तीच उंची, म्हणजे ३.०५ मीटर, जगभर आजही कायम आहे. मैदानावर मुरूम टाकला की ती कमी होते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. फ्री थ्रोची रेषाही फळीच्या पुढच्या पृष्ठापासून ४.६ मीटरवर हवी. ती खांबापासून मोजून आखली, तर वर्षभराचा सराव भलत्याच अंतराचा होतो. उन्हाळ्यात इथे पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा सराव पहाटेच उरकावा आणि धुळीने गुळगुळीत झालेला चेंडू दर थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसावा.

मला सर्वांत जास्त सलतं ते लहान मुलांचं. दहा वर्षांच्या पोराच्या हाती सात नंबरचा चेंडू आणि डोक्यावर दहा फुटांचं कडं! ते बिचारं कमरेपासून चेंडू भिरकावतं आणि ती खोड पुढे कॉलेजातही सुटत नाही. मिनी बास्केटबॉलच्या नियमांत कडं २.६० मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा आहे, तो याचसाठी. मोठ्या मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो, हेही कित्येक शाळांत पाळलं जात नाही. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं कर्णधारपद भूषवलं. आपल्या मुलींना निदान त्यांच्या मापाचा चेंडू तरी मिळावा.

अचलपूर तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात नव्या काचेच्या फळीसाठी वर्गणी मागण्याआधी भिंतीवर २.६० मीटर उंचीवर एक कडं ठोका, पाच नंबरचे चार चेंडू घ्या आणि प्रत्येक मुलाच्या हाती एक वही द्या.