विश्लेषण : जंगलपट्ट्यातील शाळेत इंग्रजीची जबाबदारी नेमकी कोणाची?

मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत ‘इंग्रजी विभाग’ अशी पाटी सहसा नसते. इंग्रजी शिकवणारे एखाद-दोन शिक्षक असतात आणि त्यातील ज्येष्ठाला विषयप्रमुख म्हटले जाते. चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या विषयप्रमुखासमोर बसलेल्या मुलांच्या घरची भाषा माडिया, गोंडी, तेलुगू किंवा बंगालीही असू शकते. अशा शाळेत इंग्रजी विषयाचे नेतृत्व करणे म्हणजे काय, ते इतके अवघड का आणि एका शाळेच्या हाती त्यातले किती असते, याविषयी…

विषयप्रमुख हे अधिकृत पद आहे का?

नाही. खासगी अनुदानित शाळांतील सेवाशर्ती १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनुसार ठरतात. या रचनेत मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शिक्षक अशी उतरंड आहे. ‘इंग्रजी विभागप्रमुख’ असे स्वतंत्र वेतन किंवा तासिकांत सवलत असलेले पद त्यात नाही. मुख्याध्यापक जूनमध्ये कामाची वाटणी करतात, त्यात विज्ञान मंडळ, सहल, शालेय पोषण आहार यांच्या रांगेत ‘इंग्रजी विषयप्रमुख’ हेही एक नाव लिहिले जाते. इंग्लंडमधील शाळांत अशा जबाबदारीसाठी वेगळा भत्ता देण्याची पद्धत आहे. गडचिरोली जिल्ह्यातच घोट येथील नवोदय विद्यालयासारख्या केंद्रीय शाळेत इंग्रजीसाठी पदवीधर आणि पदव्युत्तर अशी शिक्षकांची वेगवेगळी पदे असतात. राज्याच्या शाळेत मात्र विषयप्रमुखाचे काम शिक्षकाच्या उत्साहावर आणि मुख्याध्यापकाच्या समजुतीवर चालते. पद नसल्याने कुणी जाब विचारत नाही, तसे कुणी वेळही देत नाही.

मनुष्यबळाची अडचण कुठे आहे?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा असे तीन विषयगटांचे शिक्षक अपेक्षित आहेत. यातला ‘भाषा’ हा शब्द महत्त्वाचा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा एकाच गटात येतात. त्यामुळे लहान शाळेत मराठी किंवा हिंदीत पदवी घेतलेल्या शिक्षकाकडे इंग्रजीही येते. शिक्षकांची पदे संचमान्यतेत पटसंख्येवरून ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष अधिक कडक केले. विरळ वस्तीच्या तालुक्यांत पट कमी असणे स्वाभाविक असल्याने अशा निकषांचा फटका तिथे आधी बसतो, हा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे.

साधा हिशेब करून पाहू. समजा, पाचवी ते दहावीची प्रत्येकी एक तुकडी आहे आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यात सहा तासिका इंग्रजी आहे. म्हणजे ३६ तासिका झाल्या. प्रत्येक वर्गात ४० मुले धरली तर २४० वह्या. हे एका माणसाचे काम नाही. म्हणून वर्ग वाटले जातात. दहावी अनुभवी शिक्षकाकडे जाते आणि पाचवी-सहावी ‘ज्याची तासिका मोकळी आहे’ त्याच्याकडे. निकालाची चिंता दहावीत सुरू होते, पण तो बिघडायला सुरुवात या वाटणीपासूनच झालेली असते.

इथल्या मुलांसाठी इंग्रजी कितवी भाषा?

बोर्डाच्या लेखी मराठी माध्यमात इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. प्रत्यक्षात अनेकांसाठी ती चौथी ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीच्या सुमारे पावणेअकरा लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. भामरागड, एटापल्लीत माडिया, धानोरा परिसरात गोंडी, सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली आणि कोरची-कुरखेड्याच्या सीमेवर छत्तीसगढी ऐकू येते. मूल शाळेत येऊन आधी मराठी शिकते, मग त्याच मराठीतून हिंदी आणि इंग्रजी. शिक्षक इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थ फळ्यावर लिहितो, तेव्हा काही मुलांपुढे एकाऐवजी दोन अनोळखी वाक्ये उभी राहतात.

पण हीच बाब अध्यापनात उपयोगी पडू शकते. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली या सर्व भाषांत क्रियापद साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते. मराठीत ‘घरात’, तेलुगूत ‘इंट्लो’, बंगालीत ‘घोरे’. स्थान दाखवणारा प्रत्यय नामाच्या मागे लागतो, तर इंग्रजीत ‘इन’ आधी येतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे यांपैकी कोणत्याही भाषेत इंग्रजीसारखी वापरली जात नाहीत. म्हणजे वर्गात चार भाषांची मुले असली तरी त्यांच्या अनेक चुका एकाच जातीच्या असतात. विषयप्रमुखाने या चुकांची यादी करून सर्व वर्गांच्या शिक्षकांना दिली, तर व्याकरणाचा बराच भाग नेमका होतो.

मुलाची भाषा शाळेत असावी, ही मागणीही याच जिल्ह्यातून पुढे आली आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यतेच्या प्रश्नावर ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले. घरची भाषा आणि इंग्रजी यांत एक निवडावी लागते, असे पालकांना वाटण्याचे कारण नाही. पायाची भाषा पक्की असेल तर पुढची भाषा सोपी जाते.

दहावीची प्रश्नपत्रिका काय मागते?

तृतीय भाषा इंग्रजीच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ८० गुणांच्या प्रचलित आराखड्यात भाषा अभ्यासाला १०, पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांना २०, कवितेला १०, अपरिचित उताऱ्यांना १५, लेखनकौशल्य व माहिती रूपांतरणाला २० आणि अनुवादाला ५ गुण आहेत. उतारे आणि कविता प्रश्नपत्रिकेतच छापलेल्या असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक गुण समोरचा मजकूर वाचून समजण्यावर अवलंबून आहेत. प्रत्यक्षात मात्र वर्षभर मार्गदर्शिकेतील उत्तरे पाठ करून घेतली जातात आणि अपरिचित उतारा आला की मूल अडते. अनुवादाचे पाच गुणही मूल शिकते त्या माध्यमाच्या भाषेत, म्हणजे इथे मराठीत, उत्तर मागतात. माडिया बोलणाऱ्या मुलाची तिथे मराठीचीही परीक्षा होते.

अंतर्गत २० गुणांचे महत्त्व राज्याने एकदा अनुभवले आहे. २०१८-१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि २०१९ चा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी हे गुण परत आले. त्यातील तोंडी परीक्षा मनापासून घेतली तर वर्षभर मुलांना बोलते करण्याचे ते एकमेव अधिकृत निमित्त आहे. फेब्रुवारीत यादी भरून टाकली तर ते नुसते हातचे गुण उरतात.

विषयप्रमुखाने सुरुवात कुठून करावी?

पहिले काम म्हणजे मूल कुठे आहे हे पाहणे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस सुरू होते. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाकडून एक छोटा उतारा वाचून घ्यावा आणि नोंद करावी : अक्षरे ओळखतो, शब्द वाचतो, वाक्य वाचतो, अर्थ सांगतो. २००० पासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. तरीही आठवी-नववीत वेगवेगळ्या गावांच्या शाळांतून आलेल्या मुलांत या चारही पायऱ्या सापडतात. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलांनाच इंग्रजी वाक्य वाचता आले होते, आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला.

दुसरे, सर्वात खालच्या वर्गाला चांगला शिक्षक देणे. हा निर्णय मुख्याध्यापकाचा असतो, पण नोंदी हातात घेऊन तो मागणे विषयप्रमुखाचे काम आहे.

तिसरे, इथल्या ऋतूंप्रमाणे नियोजन. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या वाघांच्या पट्ट्यात हिवाळ्यात सायंकाळी जादा तास घेऊन मुलांना अंधारात घरी पाठवणे धोक्याचे आहे. त्यामुळे ‘शाळा सुटल्यावर तयारी’ हा शहरी उपाय इथे लागू पडत नाही. रोजच्या तासिकेतली पहिली दहा मिनिटे वाचनाला देणे जास्त भरवशाचे.

चौथे, शिक्षक बदलला तरी टिकेल अशी एक वही. नक्षलग्रस्त व आदिवासी भागात एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ आहे, तरी बदलीची ओढ कायम असते. नवा शिक्षक येतो तेव्हा प्रत्येक मुलाची पायरी, झालेले घटक आणि चुकांची यादी एका ठिकाणी मिळाली, तर शून्यापासून सुरुवात होत नाही. ज्या शाळेत विभाग नाही, तिथे ही वहीच विभाग असते.

शाळेत इंग्रजीचा एकच शिक्षक असेल तर?

तेव्हा विभाग शाळेबाहेर उभा करावा लागतो. राज्यात त्याचे प्रयोग झाले आहेत. माध्यमिक इंग्रजी शिक्षकांसाठी ‘चेस’ हा उपक्रम राबवला गेला. टाटा ट्रस्ट, ब्रिटिश कौन्सिल आणि राज्य सरकार यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात शेजारच्या शाळांतील शिक्षकांचे गट नियमित भेटून धडे आणि अडचणींवर चर्चा करत. प्रकल्पाची मुदत संपली की असे गट विरतात, हा नेहमीचा अनुभव. पण चार-पाच शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा बसून एकच चाचणी तयार करायला आणि एकमेकांच्या उत्तरपत्रिका पाहायला प्रकल्प लागत नाही, मुख्याध्यापकांची परवानगी पुरते.

पणाला काय लागले आहे?

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. पण बारावीलाही इंग्रजी अनिवार्यच आहे आणि नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमाला बारावीत इंग्रजी उत्तीर्ण असावे लागते. आरोग्य केंद्रात माडिया बोलणारी परिचारिका हवी, असे सगळेच म्हणतात. ती परिचारिका आज कुठल्यातरी आश्रमशाळेत सहावीत इंग्रजीचा उतारा अडखळत वाचत असेल. सुरजागडच्या खाणीत किंवा कोनसरीच्या पोलाद प्रकल्पात मजुरीपेक्षा वरचे काम मागायचे तरी यंत्रावरची सूचना वाचता आली पाहिजे.

सरकारने विषयप्रमुखाला आठवड्यातून दोन-तीन तासिकांची सूट दिली आणि भाषा गटात इंग्रजीचे एक पद निश्चित केले, तर बरेच सोपे होईल. तोवर मुख्याध्यापकाच्या हाती एक गोष्ट नक्की आहे. कामवाटपाच्या यादीत ‘इंग्रजी विषयप्रमुख’ लिहिताना त्यापुढे वेळापत्रकातील एक मोकळी तासिकाही लिहायची, आणि त्या तासिकेला त्या शिक्षकाला दुसऱ्याच्या बदली वर्गावर पाठवायचे नाही.